रिकामा रकाना

आमच्याकडे दोन विद्यापीठे होती, एक नागपूरला आणि एक सागरला. दोन्ही सरकारी, दोन्ही मोठी, आणि तेव्हा दोन्ही आमच्याच राज्यात. पांढुर्ण्याच्या लोकांनी त्यांची नावे कधी घेतली नाहीत. नागपूर घाटाखाली म्हणून ते खालचे, आणि सागरला इटारसीच्या बाजूने जावे लागे म्हणून ते वरचे. मॅट्रिक झालेला पोरगा बापाला घेऊन माझ्याकडे आला की पहिला प्रश्न ठरलेला असे, "मास्तर, खाली पाठवावं का वर?"

मी शाळेत गणित शिकवीत होतो. कुणी मत विचारले की मला अडचण होते, आकडा विचारला तर होत नाही. म्हणून मी एक तक्ता केला. निकालपत्रकाचा जाड कागद, उभे दोन रकाने, आडव्या दहा ओळी. कुठले विषय मिळतात, प्रयोगशाळेत एका टेबलावर किती मुले असतात, शिकवण्याची भाषा कोणती, गाड्या किती बदलाव्या लागतात, राहायची सोय काय, अशा त्या ओळी होत्या. प्रत्येक ओळीला दहापैकी गुण. माहिती मी ऐकीव घेत नसे. दोन्हीकडे पत्र टाकीत असे, उत्तर आले नाही तर पुन्हा टाकीत असे, आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलांना बसवून एकेक गोष्ट पडताळून पाहत असे.

तक्त्याचा एक नियम होता आणि तो गावात सगळ्यांना ठाऊक होता. जे माहीत नाही ते अंदाजाने लिहायचे नाही. रकाना रिकामा ठेवायचा आणि बेरजेत शून्य धरायचे. बाजारातला एक कापसाचा व्यापारी मला चिडवायचा, "मास्तर, तुमच्या त्या रिकाम्या घरात आमचं काही लिहून टाका, जागा फुकट चालली." पण स्वतःच्या मुलाच्या वेळी तोच तक्ता मागायला आला. रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून त्याने मुलाला सांगितले, "हे पाहा, मास्तरले जे माहीत नाही ते मास्तर सांगत नाही." ते ऐकून मला आनंद झाला होता. आज ते वाक्य लिहितानाही मान खाली जाते.

माझा थोरला भाऊ लवकर गेला. वहिनी सौंसरला राहिल्या. बोरगावच्या रस्त्याला त्यांची संत्र्याची बाग होती, ती त्यांनी एकटीने सांभाळली आणि एकुलत्या मुलीला शिकवले. ही माझी पुतणी लहानपणापासून बागेत वाढलेली. तिला एकच प्रश्न पडलेला असे, चांगल्या उभ्या झाडाला डिंक्या का होतो. खोडातून डिंक गळू लागतो, साल तडकते, आणि दोन-तीन वर्षांत झाड वाळून जाते. बागवाले चुना फासत आणि नशिबाला दोष देत. ही पोरगी ती साल कागदात बांधून माझ्याकडे आणायची आणि म्हणायची, "काका, याचं कारण कुठंतरी लिहिलेलं असलंच पाहिजे." तिला वनस्पतिशास्त्र शिकायचे होते. दुसरे काही तिने कधी मागितले नाही.

इंटरपर्यंत ती नागपूरला मामाकडे राहून शिकली. इंटर सायन्सला पहिला वर्ग मिळाला. त्याच उन्हाळ्यात मामाची बदली बिलासपूरला झाली आणि राहायचे ठिकाण गेले. राज्य फुटायच्या दोन वर्षे आधीचा तो उन्हाळा. तिचे म्हणणे असे होते की जागा बदलायचीच आहे तर वरच जावे. तिथे वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा मोठी, शिकवणारे चांगले, आणि विद्यापीठाला लागूनच जंगल. तक्त्यातही त्या ओळीत वरच्याला मी दहापैकी नऊ दिले होते आणि खालच्याला सात.

अडचण होती ती आमच्या लोकांच्या रीतीची. आम्ही मुली खाली देतो. काटोल, नरखेड, वरुड, नागपूर, जिथे बोली आपली आणि सणवार आपले. पांढुर्ण्याच्या वरचे पहिले स्टेशन तिगाव, आणि म्हाताऱ्या बाया आजही सांगतात की तिगावच्या पुढे मुलगी देऊ नये. लग्नाची ही रीत शिक्षणालाही लागू झाली होती. त्या दिवसापर्यंत आमच्या ओळखीतली एकही मुलगी शिकायला वर गेली नव्हती. वहिनींचे मात्र स्पष्ट होते. त्या म्हणाल्या, "राहाची सोय पक्की असन तर मी वरही पाठवतो. लोकायचं मी पाहून घेईन. पण सोय पक्की पाहिजे, भाऊजी, ते तुमी पाहा."

मी वरच्या विद्यापीठाला पत्र टाकले. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल का, एवढाच प्रश्न.

आता माझ्या घराचे सांगायला हवे. माझा मुलगा तेव्हा नागपूरलाच बी.ए.च्या वर्गात होता. महालात एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, खाली घरमालकीण बाई राहत. खानावळीच्या जेवणाने त्याचे पोट बिघडले होते. दर महिन्याला घरी यायचा तेव्हा आधीपेक्षा बारीक दिसायचा. माझी बायको त्याच्यासमोर काही बोलायची नाही, तो गेल्यावर डोळे पुसायची. मामाच्या बदलीची बातमी आली त्या दिवशी ती म्हणाली, "पोरगी त्याच्याजवळ राहिली तर दोघायचं जेवण घरचं होईन. भाऊबहीणच तर आहेत." यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिने मनात आले ते मोकळेपणी बोलून दाखवले. पुढचे पत्र तिने पाहिलेही नाही.

पत्र सातव्या दिवशी आले; शाळा नुकतीच उघडली होती. शाळेच्या पत्त्यावर आले आणि मधल्या सुट्टीत मी ते एकट्याने वाचले. मुलींच्या वसतिगृहात एक जागा आहे, विद्यार्थिनीचा पहिला वर्ग असल्यामुळे तिला देता येईल, पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवस राखून ठेवू, तेवढ्यात होकार कळवावा. इंग्रजीत टाइप केलेल्या चार ओळी, खाली सही आणि शिक्का.

तक्ता माझ्या टेबलावरच होता. बेरीज तोपर्यंत अशी होती, खालचे एकाहत्तर, वरचे चौसष्ट. वरच्या बाजूला फक्त राहण्याच्या सोयीचा रकाना रिकामा होता. तिथे दहा लिहिले की वरचे चौऱ्याहत्तर होत होते. मी पेन्सिल हातात घेतली होती, हे मला नक्की आठवते. मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला असे म्हणालो तर ते अर्धेच खरे होईल. माझ्या मनात आले ते असे, की दहा लिहिल्याशिवाय काही बदलत नाही. पेन्सिल ठेवली. पत्र लॉगॅरिदमच्या पुस्तकात घातले आणि पुस्तक पिशवीत टाकले, ते संध्याकाळी घरच्या कपाटात गेले. तासाची घंटा झाली तेव्हा मी नववीला गुणोत्तर शिकवले आणि चुकलो नाही.

त्या आठवड्यात मी मोटारीने सौंसरला गेलो. ओसरीवर तक्ता पसरला. वहिनी समोर बसल्या, पुतणी माझ्या खांद्यावरून पाहत होती. मी एकेक ओळ वाचीत गेलो. राहण्याच्या ओळीवर आलो तेव्हा खालच्या बाजूला लिहिलेले वाचले, घरची खोली, भावाची सोबत, दहा. मग बोट उजवीकडे सरकवले आणि थांबलो. बोललो काहीच नाही. खोटे बोललो नाही, असे पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो.

"इथं काही नाही लिहिलं," वहिनी म्हणाल्या.

मी मान हलवली.

"एक पत्र अजून टाकून पाहा ना."

मी उत्तर द्यायच्या आत पुतणी बोलली, "आई, काकांनी दोनदा टाकलं असंल. त्यांनी रिकामं ठेवलं म्हणजे खरंच माहीत नाही."

तिचा आवाज थोडा बसला होता, पण शंका त्यात अजिबात नव्हती. मग तिने स्वतःच बेरीज पाहिली, एकाहत्तर आणि चौसष्ट, आणि म्हणाली, "ठीक आहे. खाली तर खाली. वनस्पतिशास्त्र तिथंही आहेच." वहिनी आत गेल्या आणि पाने मांडली. आंब्याचा रस केला होता.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या अर्जावर सही घ्यायला मी पुन्हा गेलो. त्यानंतर पंधरावा दिवस आला. तो सोमवार होता. तार ऑफिस शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. संध्याकाळी मी त्याच्यासमोरून घरी आलो. दार उघडे होते, आत बाबू बसलेला दिसत होता, त्याने मला नमस्कार केला, मीही केला.

पुतणी महालातल्या खोलीत राहायला गेली. सकाळी साडेदहाला कॉलेज, म्हणून पाचला उठून स्वयंपाक. दुपारी प्रयोगाचे तास चारपर्यंत, कधी पाचपर्यंत. परत येऊन पुन्हा चूल. माझ्या मुलाचे पोट दोन महिन्यांत सुधारले. दिवाळीत तो घरी आला तेव्हा गालावर मांस आले होते. बायकोने पुतणीच्या हातात नवे लुगडे ठेवले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मीही तिच्याकडे पाहिले. तिची दोन्ही मनगटे पोळल्याच्या खुणांनी भरली होती.

वनस्पतिशास्त्राच्या मुलांना वनस्पती गोळा करायला सहलीवर नेत. दोन-तीन दिवस रानात राहायचे, झाडे ओळखायची, पाने दाबून वहीत लावायची. त्या वहीला परीक्षेत गुण असत. दोन वर्षांत अशा पाच सहली निघाल्या. ती एकीला गेली. उरलेल्या चारपैकी दोनदा माझ्या मुलाची परीक्षा होती, एकदा त्याला ताप होता आणि एकदा त्याचे मित्र जेवायला येणार होते. हे चारही हिशेब मला मुलानेच दिले, फार नंतर, मी विचारल्यावर. त्याने ते लपवले नाहीत, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. ते त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

प्रात्यक्षिकात ती नापास झाली. एवढ्या एकाच विषयात. पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि तिसऱ्या वर्गात पास झाली. तिसऱ्या वर्गाला पुढचे दार बंद होते. डिंक्याचे कारण शोधायचे ते राहूनच गेले.

या दोन परीक्षांच्या मधे राज्य फुटले. आम्ही मराठी बोलणारे, बाजार नागपूरचा, सोयरेधायरे नागपूरचे, म्हणून आम्ही खाली जाणार असे सगळे धरून चालले होते. मीही धरले होते. अंदाजाने काही लिहायचे नाही म्हणणारा मीसुद्धा हे बिनचौकशी धरून होतो. नोव्हेंबर उजाडला तेव्हा नागपूर मुंबईकडे गेले आणि पांढुर्णे, सौंसर जिथल्या तिथे राहिले. राजधानी भोपाळला गेली. शाळेला येणारी पत्रे बघता बघता सगळी हिंदीत येऊ लागली. कापसाचा व्यापारी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तुमच्या तक्त्याचा एक रकाना परराज्यात पळाला. आता बेरीज कशाची करता?"

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवशी घरी येऊन मी कपाट उघडले आणि लॉगॅरिदमच्या पुस्तकातले पत्र बाहेर काढले. ज्या विद्यापीठात तिला जाऊ दिले नाही, तेच आता आमच्या राज्याचे होते. ज्या नागपुरासाठी मी हे केले, तिथे माझा मुलगा नोकरीला लागला आणि परराज्याचा रहिवासी झाला. याला कुणी दैवाची थट्टा म्हणेल. मला तसे म्हणायचा अधिकार नाही. सीमा कुठेही गेली असती तरी रकाना मीच रिकामा ठेवला होता. पत्र पुन्हा पुस्तकात ठेवले.

पुतणीला मोहगावच्या शाळेत नोकरी मिळाली. दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका रविवारी ती पांढुर्ण्याला आमच्याकडे आली. तिच्या हाताखालून गेलेल्या दोन मुली सौंसरहून मॅट्रिक झाल्या होत्या आणि दोघींनाही शिकायचे होते. आता सागर होते, जबलपूरलाही नवे विद्यापीठ निघाले होते. ती म्हणाली, "काका, नवा तक्ता करून द्या. आणि जुना काढा, मी उतरवून घेते. मुलींच्या राहण्याचं मुख्य पाहायचं आहे. तेव्हा ते रिकामंच राहिलं होतं ना?"

बायको स्वयंपाकघरात होती. मी कपाटापाशी गेलो. जुना तक्ता वरच होता. तो देऊन नवे पत्र टाकतो म्हणून सांगता आले असते, आणि तिने ते मानलेही असते. तिने पुन्हा मानले असते, हेच मला सहन झाले नाही. मी लॉगॅरिदमचे पुस्तक काढले आणि पत्र तिच्या हातात दिले.

तिने वाचले. मग वरची तारीख पाहिली. मग पुन्हा वाचले.

"जागा होती," ती म्हणाली.

"होती."

"हे पत्र तक्ता दाखवला त्याच्या आधी आलं की नंतर?"

"आधी."

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला. तिने तिकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि मला पुढचे सांगावे लागले नाही.

"आई म्हणत होती दुसरं पत्र टाका," ती म्हणाली. "मीच तिला गप्प केलं."

मला रडू आले असते तर सोपे झाले असते. आले नाही. माझे चुकले, असे मी म्हणालो. कुठल्याही मुलाला उत्तर चुकल्यावर म्हणायला लावतो तसेच ते वाक्य ऐकू आले. तिने पत्राची घडी घातली, आपल्या पिशवीत ठेवली, आणि जुना तक्ता मला परत दिला.

"मुलींची पत्रं मीच टाकीन. उत्तर माझ्या पत्त्यावर येऊ द्या. आईला मी काही सांगणार नाही. ते तुमचं काम आहे."

ती जेवायला थांबली नाही. बायकोने विचारले, एवढ्यात कशी गेली? मी तिलाही त्याच दिवशी सांगितले. तिने लाटणे खाली ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे मी लुगडं देत होती तेव्हा तुमाले माहीत होतं."

सौंसरला जायला मला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी अंगात कसर होती, दुसऱ्या रविवारी मोटार चुकली. दोन्ही कारणे खरी होती आणि दोन्ही पुरेशी नव्हती. तिसऱ्या रविवारी गेलो. वहिनी ओसरीवर बसून डाळ निवडीत होत्या. मी सगळे क्रमाने सांगितले. पत्र कधी आले, त्यात काय होते, मी ते कुठे ठेवले, कशासाठी ठेवले. त्यांनी मधे एकदाही थांबवले नाही. हातही थांबला नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "किती दिवस ठेवणार होते म्हणता जागा?"

"पंधरा."

त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि बोटांवर काहीतरी मोजले. मला वाटले, पोरीची वाया गेलेली वर्षे मोजत असतील.

"त्या पंधरा दिवसायत तुमी दोनदा आले इथं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दोन्ही खेपेले जेवून गेले."

मी त्या पाच वर्षांत या गोष्टीचे सगळे आकडे मांडले होते. चौसष्ट, एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, पाच सहली, तार ऑफिसपर्यंतची दोनशे पावले. हा आकडा मी कधी मोजला नव्हता.

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. पाणी विचारले नाही, जा म्हणाल्या नाहीत. मी उठलो आणि मोटारीच्या अड्ड्यावर येऊन बसलो. मोटारीला दोन तास होते.

तक्ता मी आता करीत नाही. पोरे अजून येतात, वर जावे की जबलपूरला म्हणून विचारतात. मी त्यांना दोन्हीकडचे पत्ते लिहून देतो आणि सांगतो, पत्र तुम्हीच टाका, आणि उत्तर आपल्याच घरच्या पत्त्यावर मागवा. कापसाच्या व्यापाऱ्याने धाकट्या मुलासाठी जुना तक्ता तरी दाखवा म्हणून फार आग्रह केला. मी दाखवला. त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून तो मुलाला तेच पूर्वीचे वाक्य सांगू लागला. या वेळी मी त्याचे बोट बाजूला केले आणि त्या मुलासमोर त्याला सांगितले, की मला माहीत होते.